भाषाशिक्षकांसाठी मोफत सॉफ्टवेअर : एक धडा कागदापासून विद्यार्थ्याच्या फोनपर्यंत कसा न्यावा

कोल्हापुरात अमराठी प्रौढांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांकडून मला बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, तो म्हणजे ‘कोणते ॲप घ्यावे?’ हा प्रश्न शेवटच्या टप्प्यावर विचारायचा असतो, पण तो पहिल्याच दिवशी विचारला जातो आणि पुढच्या बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात. ॲप आधी येते, त्यात बसेल असा मजकूर नंतर शोधला जातो, तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असल्याने फोनवर निरर्थक अक्षरे दिसतात, घाईने आवाज भरला जातो, मग मजकुरातली चूक लक्षात येते आणि सगळे पुन्हा करावे लागते. मी स्वतः दहा धड्यांचे ध्वनिमुद्रण आधी उरकले होते आणि नंतर संवाद सुधारले. त्यातली एकही फाइल पुढे वापरता आली नाही.

म्हणून या लेखात साधनांपेक्षा क्रमाला महत्त्व दिले आहे. आधी धडा, मग संगणकाची तयारी, मग मजकूर, मग आवाज, मग सराव, आणि अखेरीस वाटप. उदाहरण म्हणून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या हिंदी आणि कन्नड भाषक प्रौढांसाठीचा ‘लक्ष्मीपुरीत भाजी घेणे’ हा एकच धडा शेवटपर्यंत नेला आहे. शाळेत मराठी, हिंदी किंवा इंग्रजी शिकवणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो.

## टप्पा १ : संगणक बंद ठेवून धडा लिहा

कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहावे : ‘हा धडा संपल्यावर विद्यार्थी काय करू शकेल?’ आपल्या उदाहरणात उत्तर असे आहे : ‘विद्यार्थी भाजीचा भाव विचारील, ऐकलेली रक्कम समजून घेईल आणि हवे तेवढे वजन मागील.’ या वाक्यात तीन क्रियापदे आहेत, आणि पुढचा प्रत्येक सराव या तिन्हींपैकी एकीशी जोडता आला पाहिजे. जो जोडता येत नाही तो कितीही आकर्षक असला तरी गाळावा.

त्यानंतर संवाद लिहावा, तोही बाजारात ऐकू येतो तसा. ‘या मेथीच्या जुडीची किंमत काय आहे?’ असे लक्ष्मीपुरीत कोणी विचारत नाही. तेथे ‘मावशी, मेथीची पेंडी कशी दिली?’ असे विचारले जाते, आणि पुण्याकडे ज्याला जुडी म्हणतात त्याला इकडे पेंडी म्हणतात. कामगाराला हेच ऐकायचे आहे, त्यामुळे धड्यात हेच असले पाहिजे. प्रमाणभाषेतले रूप शेजारी द्यावे, मूळ रूपाच्या जागी देऊ नये. ‘काय करत आहेस?’ एवढेच शिकलेला विद्यार्थी ‘काय कराय लागलायस?’ या प्रश्नापुढे गप्प उभा राहतो, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे.

संवाद आठ ते दहा वाक्यांचा असावा आणि नवे शब्द पंधराच्या आत ठेवावेत. या धड्यात पाव, अर्धा, सव्वा, दीड, अडीच हे शब्द येणारच. हिंदी भाषकाला त्यांतले काही ओळखीचे वाटतात, पण ‘सव्वाशे’ आणि ‘अडीचशे’ या रकमा ऐकून लगेच आकड्यात उतरवणे त्यालाही जमत नाही. सरावाचा निम्मा भाग याच रकमांना द्यावा.

तपासा : संवाद घरातल्या दुसऱ्या कोणाला मोठ्याने वाचायला द्यावा. वाचणारा जिथे अडखळेल किंवा स्वतःहून शब्द बदलून वाचील, ते वाक्य बोलीतले नाही असे समजून पुन्हा लिहावे.

## टप्पा २ : संगणक युनिकोडसाठी तयार करा

शहरातल्या अनेक शाळा आणि छापखान्यांत अजूनही जुन्या मांडणीचे फॉन्ट वापरात आहेत. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर फाइल उघडली की मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे येतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही. पुढची सर्व साधने फक्त युनिकोड समजतात, म्हणून हा टप्पा टाळता येत नाही.

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडून ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी ही भाषा जोडावी. त्यासाठी बाहेरचे कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. मराठीसाठी दोन कळफलक मिळतात. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. तो शिकायला वेळ लागतो, पण एकदा हात बसला की लेखन अचूक होते. फोनेटिक कळफलकात उच्चाराप्रमाणे रोमन कळा दाबायच्या असतात. रोज लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावा, असे माझे ठाम मत आहे, कारण फोनेटिक पद्धतीत ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय पुष्कळदा संगणकाच्या सूचनेवर सोडला जातो आणि भाषाशिक्षकाने तो सोडता कामा नये.

सावधान : ‘मोफत मराठी टायपिंग’ असा शोध घेऊन अनोळखी संकेतस्थळावरून काहीही उतरवून घेऊ नये. लिब्रेऑफिस (लेखन आणि तक्त्यांसाठी), ऑडॅसिटी (ध्वनिसंपादनासाठी), अँकी (पत्त्यांच्या म्हणजे फ्लॅशकार्डांच्या सरावासाठी) ही सर्व साधने त्यांच्या स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळांवरच मोफत मिळतात.

यानंतर लिब्रेऑफिस बसवावे. येथे एक चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. लिब्रेऑफिस देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या गटात धरते आणि या गटाचा फॉन्ट व भाषा रोमन लिपीपेक्षा वेगळी ठरवावी लागते. शिक्षक वरच्या गटात फॉन्ट बदलतात, मराठी अक्षरे मात्र तशीच राहतात, आणि मग ‘हे मराठीला चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. टूल्समधील ऑप्शन्समध्ये जाऊन भाषेच्या विभागात हा गट सुरू करावा, त्याची भाषा मराठी करावी, आणि परिच्छेदाच्या शैलीत त्याच गटाखालचा फॉन्ट निवडावा. भाषा मराठी केल्याशिवाय मराठी शब्दतपासणीचा विस्तारही काम करत नाही.

फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ ही दोन अक्षरे पाहावीत. हिंदीच्या वळणाचा ल आणि श प्रौढ विद्यार्थ्याला बाजारातल्या पाट्यांवर सापडत नाही आणि त्याचा गोंधळ होतो. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट मराठी वळणासाठीच केलेला आहे. मुक्त, नोटो आणि बलू या कुटुंबांतले फॉन्टही मोफत आहेत, पण त्यांतली ही दोन अक्षरे स्वतः छापून पाहिल्यावरच ते वापरावेत.

## टप्पा ३ : मजकूर टंकित करा, आणि दिसण्यावर विश्वास ठेवू नका

युनिकोडमध्ये डोळ्यांना एकसारखा दिसणारा शब्द दोन वेगळ्या प्रकारांनी लिहिला जाऊ शकतो. सराव चुकण्यामागचे सर्वांत न कळणारे कारण हेच असल्याने येथे थोडे थांबतो.

आपल्या संवादात ‘दुसऱ्या’ हा शब्द आहे. त्यातला अर्धा र दोन प्रकारे येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, मग हलन्त, मग जोडणारे एक अदृश्य चिन्ह आणि मग य येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. शिक्षकाने एका प्रकारे उत्तर भरले आणि विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रकारे लिहिले, तर बरोबर उत्तर चूक ठरते, आणि विद्यार्थी आपलेच लेखन चुकले असे समजतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे ची कळ दाबली की ऱ येतो, त्यानंतर डी च्या कळीने हलन्त आणि मग य द्यावा. सर्व धड्यांत हाच एक प्रकार वापरावा. साधा र वापरून अदृश्य चिन्ह विसरले तर रफार होतो, आणि ‘आचाऱ्यास’ लिहायच्या जागी ‘आचार्यास’ होते, म्हणजे स्वयंपाक्याचा गुरू होतो.

‘ॲ’ची गोष्ट तशीच आहे. त्यासाठीचे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीची सवय म्हणून अनेक जण अजूनही ‘अ’वर चंद्र जोडून ते तयार करतात. जुन्या फाइलींतले असे शब्द ‘शोधा आणि बदला’ या सोयीने एकदाच बदलून घ्यावेत.

जुन्या फॉन्टमधला मजकूर हाताशी असेल तर तो रूपांतरकाने युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र रूपांतर झाले म्हणजे काम झाले असे मानू नये. जुन्या मांडणीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होत असे आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, त्यामुळे जोडाक्षरांजवळच्या वेलांट्या, रफार आणि अर्धा र या तीन जागी हमखास चुका राहतात. या तीन जागा प्रत्येक ओळीत बघाव्यात.

छापील पान असेल तर ते ३०० डीपीआयला स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवावे आणि ते चित्र गूगल डॉक्सने उघडावे, म्हणजे खाली टंकित मजकूर मिळतो. इंटरनेट नसेल तर टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखते. दोन्हींत घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते आणि अनुस्वार गळतात. म्हणून मूळ पान समोर ठेवून ओळ न् ओळ वाचावी.

सावधान : मूळ फाइल लिब्रेऑफिसच्या स्वरूपात जपून ठेवावी. पीडीएफमधून मराठी मजकूर परत उचलला तर अनेकदा काना-मात्रांची जागा बिघडते. पीडीएफ केवळ छापण्यासाठी आणि वाचण्यासाठी करावी.

## टप्पा ४ : शब्द तपासा आणि परवाना पाहा

शब्दाचा अर्थ, लिंग आणि वापर तपासण्यासाठी शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाई शब्दकोशांचा संग्रह इंटरनेटवर मोफत खुला आहे. त्यात मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश, दाते आणि सहकाऱ्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि बर्नसन यांचा मूलभूत मराठी-इंग्रजी कोश असे अनेक कोश एकत्र शोधता येतात. परभाषकांना शिकवणाऱ्याने बर्नसन यांच्या कोशापासून सुरुवात करावी, कारण तो शिकणाऱ्याची गरज ओळखून केलेला आहे. मोल्सवर्थ बोलीतले शब्द आणि छटा यांसाठी उपयोगी पडतो, मात्र त्यातली भाषा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे हे विसरून त्यातला अर्थ जसाच्या तसा आजच्या धड्यात घालू नये.

उदाहरणवाक्यांसाठी ततोएबा या संग्रहात हजारो मराठी वाक्ये भाषांतरासह मिळतात. ती स्वयंसेवकांनी लिहिलेली असल्याने काही वाक्ये भाषांतरित वाटतात. प्रत्येक वाक्य आपल्या कानाने तपासून घ्यावे आणि खटकले तर सोडून द्यावे, दुरुस्त करत बसू नये.

आता परवाना. ‘इंटरनेटवर आहे म्हणजे मोफत आहे’ हा समज मोडणे आवश्यक आहे. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो. तो वापरता येतो, पण श्रेय द्यावे लागते आणि आपण केलेली सुधारित आवृत्ती त्याच परवान्याखाली द्यावी लागते. परवान्यात ‘नॉन-कमर्शियल’ असेल तर शुल्क घेणाऱ्या शिकवणीत तो मजकूर वापरू नये. ‘नो डेरिव्हेटिव्हज’ असेल तर त्यात बदल करून तो वाटू नये, म्हणजे त्याचा सोपा केलेला उतारासुद्धा चालत नाही.

भारतात साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. कोल्हापूरच्या शिक्षकांच्या मनात उतारा घ्यायचा म्हटले की वि. स. खांडेकरांचे नाव येते. त्यांचे निधन १९७६ साली झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेले साहित्य २०३६ अखेरपर्यंत संरक्षित आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी मजकुराची प्रत करण्याला १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, परंतु वर्गात वापरणे वेगळे आणि तोच उतारा ध्वनिफितीसह सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवणे वेगळे. स्वतः लिहिलेल्या संवादाला हा प्रश्नच येत नाही, आणि पहिल्या टप्प्यात संवाद स्वतः लिहिण्याचा आग्रह धरण्याचे हेही एक कारण आहे.

ज्यांच्याकडे पुष्कळ मजकूर जमला आहे आणि त्यांतले वारंवार येणारे शब्द काढायचे आहेत, त्यांनी अँटकॉंक हे मोफत साधन वापरावे. त्यात मराठी मजकूर घालण्यापूर्वी शब्दाची व्याख्या ठरवण्याच्या विभागात ‘मार्क’ हा प्रकार निवडावा लागतो. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार युनिकोडमध्ये अक्षर म्हणून नव्हे तर चिन्ह म्हणून नोंदलेले आहेत. हा पर्याय न निवडल्यास प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो आणि यादीत सर्वाधिक वापराचे ‘शब्द’ म्हणून क, त, र अशी सुटी अक्षरे येतात. यादी तशी दिसली तर दोष मजकुरात शोधू नये.

तपासा : पुढे जाण्यापूर्वी संवाद अंतिम झाला आहे, असे स्वतःच्या हाताने कागदावर तारखेसह लिहावे. यापुढे शब्द बदलायचा झाला तर आवाज, पत्ते आणि सराव तिन्ही ठिकाणी बदलावा लागेल.

## टप्पा ५ : ध्वनिमुद्रण

यंत्राच्या आवाजावर विसंबून राहू नये, असे मी भाषाशिक्षकांना आग्रहाने सांगतो, आणि त्याचे कारण आपल्याच धड्यात आहे. ‘चार’मधला च आणि ‘पाच’मधला च लिहिताना एक असले तरी उच्चाराने वेगळे आहेत. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतल्या झ बाबतही तसेच आहे. लिपी हा भेद दाखवत नाही, म्हणून तो फक्त कानातून शिकता येतो. हिंदी भाषक दोन्ही च तालव्य उच्चारतो आणि त्याला भेद ऐकवला नाही तर वर्षानुवर्षे तसाच बोलतो.

चांगला माइक नसला तरी फोन चालतो. खोली मात्र नीट निवडावी. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या, पडदे, कपड्यांचे कपाट असलेली खोली घ्यावी, पंखा बंद करावा, आणि महाद्वार रोडसारख्या वर्दळीच्या भागात राहत असाल तर पहाटेची वेळ निवडावी. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरावा, म्हणजे प आणि फ चा फुंकर बसत नाही. सुरुवातीला पाच सेकंद कोणीही न बोलता मुद्रण चालू ठेवावे. या शांततेचा उपयोग पुढे आहे.

विक्रेतीचा आणि गिऱ्हाइकाचा आवाज दोन वेगळ्या व्यक्तींचा असावा आणि शक्यतो दोघेही याच भागातले असावेत. त्यांची लेखी परवानगी घ्यावी, आवाज कोठे वापरला जाईल हे त्यांना आधी सांगावे. बोलणारी व्यक्ती अल्पवयीन असेल तर पालकांची परवानगी घ्यावी.

संवाद दोनदा मुद्रित करावा, एकदा नेहमीच्या गतीने आणि एकदा संथपणे. संथ आवृत्तीसाठी ऑडॅसिटीत गती कमी करण्याचा मोह होतो. त्यातला ‘चेंज स्पीड’ वापरला तर आवाज जाड होतो. ‘चेंज टेम्पो’ने आवाजाची पट्टी टिकते, पण ताणलेल्या स्वरांमुळे ऱ्हस्व-दीर्घाचा अंदाज बिघडतो. माणसाने स्वतः सावकाश बोललेले केव्हाही बरे.

मुद्रण ऑडॅसिटीत उघडल्यावर सुरुवातीची पाच सेकंदांची शांतता निवडून ‘नॉइज रिडक्शन’मध्ये नमुना घ्यावा, मग संपूर्ण ध्वनी निवडून तोच परिणाम लागू करावा. या पर्यायात असे दोन वेळा जाणे आवश्यक आहे. पहिल्या वेळी केवळ नमुना घेतला जातो, आवाज बदलत नाही. परिणामाचे प्रमाण कमीच ठेवावे, कारण जास्त सफाई केली की स, श आणि च यांचा ठसा पुसला जातो, आणि आपल्याला तर तेच वर्ण ऐकवायचे आहेत.

यानंतर प्रत्येक वाक्य वेगळे कापून एमपी३ स्वरूपात ‘एक्सपोर्ट’ करावे. बोलण्यासाठी मोनो आणि ६४ केबीपीएस पुरेसे आहे. त्यात एका मिनिटाला सुमारे ४८० केबी लागतात, तर तेच वेव्ह स्वरूपात ठेवले तर पाच एमबीहून अधिक जागा लागते. फाइलचे नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता आणि क्रमांकासह द्यावे. देवनागरी नावे काही फोनवर आणि झिप फाइलींत बिघडतात.

सावधान : ‘सेव्ह’ केल्याने ऑडॅसिटीची स्वतःची प्रकल्प-फाइल तयार होते, ती विद्यार्थ्याच्या फोनवर वाजत नाही. विद्यार्थ्याला द्यायची फाइल ‘एक्सपोर्ट’नेच मिळते. दोन्ही ठेवाव्यात, पाठवावी मात्र दुसरी.

## टप्पा ६ : सरावसंच

आता ॲपचा प्रश्न विचारायला हरकत नाही. शब्द आणि रकमा लक्षात राहण्यासाठी अँकी, आणि वाक्य समजून वापरण्यासाठी एच५पी (पडद्यावर सोडवायचे सराव तयार करण्याचे साधन), एवढी दोनच साधने पहिल्या वर्षी पुरतात. स्वतःचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस असल्याशिवाय मूडलच्या (संपूर्ण अभ्यासक्रम ऑनलाइन चालवणाऱ्या प्रणालीच्या) वाटेला जाऊ नये.

### अँकीचे पत्ते

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये तक्ता करावा. पहिल्या स्तंभात अनुक्रमांक, मग मराठी शब्द, मग अर्थ, मग उदाहरणवाक्य. अनुक्रमांक पहिल्या स्तंभात ठेवण्याचे कारण असे की अँकी पहिल्या रकान्यावरून पत्ता नवा की जुना हे ठरवते. तेथे शब्द ठेवला आणि ‘जरा’ हा शब्द ‘थोडे’ व ‘म्हातारपण’ अशा दोन अर्थांनी दोनदा आला, तर दुसरा पत्ता पहिल्यावर लिहिला जाऊ शकतो. अनुक्रमांक असला की नंतर सुधारित तक्ता पुन्हा घातला तरी त्याच पत्त्यात सुधारणा होते आणि विद्यार्थ्याची प्रगती पुसली जात नाही.

तक्ता सीएसव्ही म्हणून साठवताना अक्षरसंच यूटीएफ-८ निवडावा. एक्सेल वापरत असाल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय निवडावा लागतो. साध्या सीएसव्हीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जातात आणि ती फाइल बंद केल्यावर मूळ अक्षरे त्यातून परत मिळत नाहीत.

पत्त्याच्या पुढच्या बाजूला लिखित शब्द न ठेवता आवाज ठेवावा. ‘दीडशे’ ऐकून मनात आकडा आला पाहिजे, कारण बाजारात भाव ऐकूच येणार आहे. सेटिंग बदलले नाही तर अँकी रोज २० नवे पत्ते दाखवते. दिवसभर कारखान्यात उभे राहिलेल्या माणसासाठी हा भार जास्त आहे. सात-आठ ठेवावेत. आठवड्यानंतर जुन्या पत्त्यांची उजळणी साचू लागते आणि तेव्हाच बहुतेक विद्यार्थी सोडून देतात.

संच विद्यार्थ्यांना देताना त्यात ध्वनिफिती समाविष्ट करण्याचा पर्याय चालू ठेवावा आणि वेळापत्रक समाविष्ट करण्याचा पर्याय बंद करावा. तो चालू राहिला तर शिक्षकाने स्वतः केलेला सराव विद्यार्थ्याच्या फोनवर जातो, आणि त्याला शिकण्याआधीच अनेक पत्ते ‘येतात’ असे धरले जाते. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड हे ॲप मोफत आहे. आयफोनवरील अधिकृत ॲप विकत घ्यावे लागते, म्हणून तेथे ब्राउझरमधून चालणारी मोफत सोय सुचवावी. मिळत्याजुळत्या नावांची दुसरी ॲप्सही आहेत, तेव्हा नेमके ॲप विद्यार्थ्यासमोर स्वतः उतरवून द्यावे.

### एच५पीचे सराव

लुमी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर बसवले की इंटरनेटशिवाय एच५पीचे सराव तयार करता येतात आणि ते एकाच एचटीएमएल फाइलमध्ये साठवता येतात. गाळलेल्या जागांच्या सरावात उत्तर दोन तारांकनांच्या मध्ये लिहितात आणि पर्यायी उत्तरे तिरक्या रेघेने जोडतात :

मला मेथीची एक *पेंडी/जुडी* द्या.

पर्यायी उत्तरे मनाशी आधी काढून ठेवावीत. ‘हवी’ लिहायचे ठरवले असेल आणि विद्यार्थ्याने ‘पाहिजे’ लिहिले, तर त्याची भाषा चुकलेली नसते. आकड्याचे उत्तर देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही अंकांत द्यावे, कारण विद्यार्थ्याच्या फोनवर कोणते अंक उमटतील हे आपल्या हातात नसते. उत्तरात अपूर्णविराम किंवा तिरकी रेघ असेल तर वेगळीच अडचण येते : एच५पी अपूर्णविरामापुढचा भाग सूचना म्हणून दाखवते आणि तिरक्या रेघेपाशी उत्तराचे दोन तुकडे करते. ‘साडेपाच’ची वेळ किंवा ‘अर्धा’ हा अपूर्णांक विचारायचा असेल तर उत्तर अक्षरी मागावे.

किरकोळ लेखनचुका मान्य करण्याचा एक पर्याय त्यात आहे. भाव विचारण्याच्या धड्यात तो चालू ठेवावा आणि शुद्धलेखनाच्या धड्यात बंद करावा, कारण मराठीत एका वेलांटीने शब्द बदलतो. दिन आणि दीन यांत यंत्राच्या लेखी एवढासाच फरक असतो.

तपासा : प्रत्येक सराव शिक्षकाने दोनदा सोडवावा. एकदा सर्व उत्तरे बरोबर देऊन, आणि एकदा विद्यार्थी करतील त्या चुका मुद्दाम करून.

## टप्पा ७ : विद्यार्थ्याच्या फोनवर चाचणी आणि वाटप

चाचणी आपल्या फोनवर घेऊ नये. वर्गातला सर्वांत जुना फोन कोणाकडे आहे ते पाहावे आणि त्यावर सर्व काही चालवून बघावे. एचटीएमएल फाइल काही एमबीची होते, ती त्या फोनवर उघडायला किती वेळ लागतो, आवाज वाजतो का, कळफलक वर आल्यावर प्रश्न झाकला जातो का, हे त्या विद्यार्थ्याच्या हातात फोन देऊन शेजारी बसून पाहावे. आपण बोट लावू नये. तो जेथे थांबतो तेथे सूचना कमी पडली आहे.

विद्यार्थ्याच्या फोनवर मराठी कळफलक बसवणे हाही याच टप्प्यातला भाग आहे. जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात मराठी जोडून द्यावी आणि पहिला सराव वर्गातच सोडवून घ्यावा. रोमन लिपीत मराठी लिहायची सवय असलेला विद्यार्थी उत्तरही रोमनमध्ये भरतो आणि सगळे चूक आले म्हणून निराश होतो.

फाइली व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवाव्यात आणि एका संदेशात एकच फाइल, तिच्याखाली एकच सूचना द्यावी : ‘आधी ऐका. मग पत्ते. मग गाळलेल्या जागा.’ तीन फाइली एकदम पाठवल्या की विद्यार्थी शेवटची आधी उघडतो. मूळ फाइली, म्हणजे मजकूर, ऑडॅसिटीचा प्रकल्प, तक्ता आणि लुमीची फाइल, पेन ड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर अशा दोन ठिकाणी धड्याच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

आठवड्याने वर्गात पत्ते आणि सराव बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष लक्ष्मीपुरीत न्यावे. प्रत्येकाने एक पेंडी भाव विचारून घ्यावी आणि परत आल्यावर विक्रेतीने उच्चारलेले, पण धड्यात नसलेले शब्द सांगावेत. माझ्या वर्गातून पहिल्यांदा आलेले शब्द होते ‘सुट्टे’, ‘परवडत नाही बघा’ आणि ‘निवडून घ्या’. ते तक्त्याच्या शेवटच्या अनुक्रमांकापुढे लिहून, आवाज भरून, तोच संच पुन्हा पाठवावा.